कन्सोलचा फ्रेमबफर व्हीरॅममध्ये कायमचा पिन करून ठेवावा का?

मुळाक्षर (धागाकर्ता)

नमस्कार. सर्व्हरच्या बोर्डावर केवळ चित्र दाखवण्यापुरती जी साधी डिस्प्ले चिप असते, तशा एका चिपच्या लिनक्स ड्रायव्हरची देखभाल सध्या माझ्याकडे आहे. चिपला त्रिमितीय रेंडरिंग नाही, स्वतःची व्हीरॅम (चित्रासाठीची मेमरी) अवघी १६ एमबी आहे आणि ड्रायव्हर टीटीएमवर, म्हणजे कर्नलच्या ग्राफिक्स मेमरी व्यवस्थापकावर, बेतलेला आहे. प्रश्न याच १६ एमबीच्या वाटणीचा आहे.

हिशेब असा. १९२० × १०८० या मोडमध्ये दर पिक्सेलला ४ बाइट धरले, तर एका फ्रेमला ८२,९४,४०० बाइट लागतात, म्हणजे ४ केबीची बरोबर २०२५ पेजेस. व्हीरॅममध्ये एकूण पेजेस ४०९६. दोन फ्रेम बसवल्या की ४६ पेजेस उरतात आणि त्यांतली ४ पेजेस ६४ × ६४ च्या कर्सरला जातात. आमचा ड्रायव्हर बूट होतानाच कन्सोलचा (मजकुरी पडद्याचा) फ्रेमबफर, म्हणजे त्याच्या चित्राची मेमरी, व्हीरॅममध्ये पिन करतो, म्हणजे हलवता येणार नाही असा बसवतो, आणि तो पिन पुढे कधीही काढत नाही. त्यामुळे ग्राफिकल सत्र सुरू झाले, की कंपोझिटरच्या (खिडक्या एकत्र करून पडद्याचे चित्र बनवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) वाट्याला एकच फ्रेम उरते. पेज-फ्लिपसाठी, म्हणजे एक फ्रेम दिसत असताना दुसरी तयार करून अदलाबदल करण्यासाठी, त्याला दोन बफर हवे असतात. दुसरा बफर व्हीरॅममध्ये आणताना ई-नोमेम (मेमरी नाही) ही एरर येते आणि पडदा काळा राहतो. त्याच वेळी कन्सोलच्या राखीव जागेत लॉगिन प्रॉम्प्ट मात्र सुखरूप बसलेला असतो, जो कोणालाही दिसत नसतो.

हा पिन काढून टाकणारा पॅच मी तयार केला. त्यावर आक्षेप आला, की कन्सोल हा शेवटचा आधार आहे आणि कर्नल कोसळला तर त्याचा संदेश उमटायला जागा राखीव असलीच पाहिजे. आक्षेप घेणारे या क्षेत्रात मुरलेले आहेत, त्यामुळे तो उडवून लावावा असे वाटत नाही. पण पटतही नाही. कन्सोलचा बफर कायम पिन असावा, की तो दिसत असेल तेवढ्यापुरताच पिन असावा, यावर जाणकारांचे मत हवे आहे.

शून्यवादी

सर्व्हरला मॉनिटर जोडला जातो तो सर्व्हर बिघडल्यावरच. त्या वेळी कंपोझिटर कोणाला हवा असतो? माझे मत पिनच्या बाजूने. (कंपोझिटरचेही मत विचारायला गेलो होतो, पण पडदा काळा होता.)

तळटीप

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. बफर कोणत्या मेमरीत राहतो हा एक, आणि पडद्यावर काय दाखवायचे हे ठरवण्याचा हक्क त्या क्षणी कोणाकडे आहे हा दुसरा. जुन्या काळी या दोन्ही गोष्टींचा कर्नलला पत्ताच नसे, आणि तुमच्याकडे आलेला आक्षेप त्या काळातून आलेला दिसतो.

व्हीजीएच्या टेक्स्ट मोडमध्ये कन्सोल म्हणजे हेक्स पत्ता बी८००० पासूनचा एक छोटा तुकडा होता. ८० स्तंभ, २५ ओळी, प्रत्येक घराला एक बाइट अक्षरासाठी आणि एक रंगासाठी, म्हणजे सगळे मिळून ४००० बाइट. एवढ्या जागेसाठी कोणी भांडत नसे. पुढे एक्स सर्व्हर हा खिडक्या दाखवणारा प्रोग्रॅम आला. तो रूट म्हणून चाले, डेव्ह-मेम या यंत्राची मेमरी उघडणाऱ्या फाइलमधून कार्डाचे रजिस्टर आणि व्हीरॅम स्वतःच्या पत्त्यांमध्ये मॅप करून घेई आणि मोड स्वतःच बदले. त्याने कुठे काय लिहिले याची नोंद कर्नलकडे नसे. त्यामुळे एक्स अडकला की कर्नलला पडदा परत कसा मिळवायचा ते ठाऊकच नसे, आणि कर्नल कोसळला तर पडद्यावर शेवटचे गोठलेले चित्र तेवढे राहत असे.

ही घडी २००८-०९ च्या सुमारास बदलली. कर्नल २.६.२८ मध्ये जेम आले, म्हणजे ग्राफिक्सचे बफर हे कर्नलच्या नोंदीतले ऑब्जेक्ट झाले. २.६.२९ मध्ये इंटेलसाठी केएमएस आले, म्हणजे मोड ठरवण्याचे काम कर्नलकडे आले. स्वतंत्र व्हीरॅम असलेल्या कार्डांसाठीचे टीटीएम २.६.३१ मध्ये रेडिऑनबरोबर दाखल झाले. टीटीएमच्या दृष्टीने बफरला कायमचा पत्ता नसतो. तो साध्या रॅममध्ये असेल, जीटीटी या पत्त्यांच्या तक्त्यामार्फत कार्डाला दिसणाऱ्या रॅममध्ये असेल किंवा व्हीरॅममध्ये असेल, आणि जागा अपुरी पडली की बराच वेळ न वापरलेला बफर बाहेर काढला जातो. पिन केलेला बफर या सगळ्यातून वगळला जातो. म्हणून पिन ही जपून वापरायची गोष्ट आहे. १६ एमबीपैकी ८ एमबी कायमची पिन करून ठेवणे म्हणजे टीटीएम घेऊन त्याला कामच करू न देणे होय.

उत्तररात्र

तळटीप यांनी इतिहास नेमका सांगितला आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. मुळाक्षर यांच्या पॅचवर आक्षेप घेणारा मी नव्हे, तरी त्यांच्या जागी मीही तेच लिहिले असते.

पॅनिकच्या, म्हणजे कर्नल कोसळण्याच्या, वेळी काय परिस्थिती असते ते पाहा. इतर सीपीयू थांबवलेले असतात. ज्या कोडमध्ये पॅनिक झाला, त्यानेच एखादे लॉक धरून ठेवलेले असू शकते. शेड्यूलर चालत नसल्याने झोपून वाट पाहता येत नाही. अशा वेळी टीटीएमला सांगून कोणाला तरी बाहेर काढावे, कन्सोलचा बफर आत आणावा आणि मग मोड बदलावा, हे सगळे अशक्य आहे, कारण बफरचे रिझर्व्हेशन लॉक घेतल्याशिवाय यातले काहीच करता येत नाही. जे आधीपासून जागेवर आहे तेवढेच वापरता येते. मग कन्सोल जागेवर नको का?

सर्व्हर रात्री कोसळतो आणि सकाळी केव्हीएमच्या (दुरून पडदा पाहण्याच्या सोयीच्या) खिडकीतून पाहिले तर काळा पडदा दिसतो, हा प्रकार ज्यांनी निस्तरला आहे त्यांना ८ एमबीची किंमत फार वाटणार नाही.

स्थिरचित्र

उत्तररात्र, तुम्ही मांडलेली परिस्थिती शब्दशः खरी आहे, आणि तिच्यातूनच पिनच्या विरुद्धचा मुद्दा निघतो.

समजा कन्सोलचा बफर पिन केलेला आहे आणि पडद्यावर कंपोझिटरची फ्रेम चालू आहे. पॅनिक झाला. कर्नलने कन्सोलच्या बफरमध्ये संदेश लिहिला, पण चिप स्कॅनआउट करते आहे (पडद्यावर पाठवण्यासाठी वाचते आहे) ती कंपोझिटरच्या बफरमधून. संदेश दिसण्यासाठी स्कॅनआउटचा पत्ता बदलावा लागेल, म्हणजे पुन्हा मोडसेटचा मार्ग, पुन्हा लॉक. बफर जागेवर असून फायदा काय झाला?

कर्नल ६.१० मध्ये आलेल्या डीआरएम (कर्नलची ग्राफिक्स यंत्रणा) पॅनिकने याचे उत्तर उलट्या बाजूने शोधले. तो कन्सोलच्या बफरकडे पाहतच नाही. या क्षणी प्लेनवर (चिपच्या चित्रस्तरावर) जो बफर लागलेला आहे, तो कोणाचाही असो, त्याचा पत्ता ड्रायव्हरकडून घेतो आणि त्यावरच थेट अक्षरे रंगवतो. लॉकसाठी वाट पाहत नाही. एकदा प्रयत्न करतो, मिळाले तर पुढे जातो, नाही तर सोडून देतो. स्कॅनआउट चालू असलेला बफर व्याख्येनेच पिन केलेला असतो, कारण चिप त्यातून सतत वाचत असते. म्हणजे संदेशासाठी लागणारी जागा व्हीरॅममध्ये नेहमीच असते. ड्रायव्हरला फक्त स्कॅनआउट बफर सांगणारे एक फंक्शन लिहावे लागते. ६.१२ पासून संदेशाऐवजी क्यूआर कोडही दाखवता येतो.

मोठ्या कार्डांवर यातही अडचणी येतात. बफर टाइल केलेला (छोट्या चौकोनांत मांडलेला) असेल तर सरळ ओळीने लिहून चालत नाही. व्हीरॅमचा जो भाग पीसीआय बारमधून, म्हणजे कार्डाच्या पत्त्यांच्या खिडकीतून, सीपीयूला दिसत नाही, त्यात बफर असेल तर रजिस्टरच्या जोडीतून एकेक पिक्सेल ढकलावा लागतो, जो पॅनिकच्या वेळी हळू चालला तरी कोणाची तक्रार नसते. धागाकर्त्यांच्या चिपमध्ये टाइलिंग नाही आणि १६ एमबी पूर्णच्या पूर्ण बारमध्ये दिसत असणार, त्यामुळे त्यांचे काम दहा-बारा ओळींचे आहे.

जुनाकीबोर्ड

अवांतर होईल, पण कन्सोलचा विषय निघाला म्हणून लिहितो. शिफ्ट आणि पेज-अप दाबून वर सरकलेला मजकूर परत पाहण्याची सोय २०२० मध्ये फ्रेमबफर कन्सोलमधून काढून टाकली. त्या कोडमध्ये सुरक्षेची त्रुटी सापडली आणि तो सांभाळायला कोणी पुढे आले नाही, हे कारण मला मान्य आहे. तरी पॅनिकच्या आधीच्या चार ओळी पाहायच्या असताना बोटे अजूनही त्याच कळांवर जातात.

शून्यवादी

बोटांचा पिन काढा.

खिडकीकाठी

मेमरीबद्दल बरेच बोलून झाले. तळटीप यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे पडद्याच्या हक्काकडे वळतो. पिन काढल्यावर खरी कसोटी लागते ती कंपोझिटरकडून कन्सोलकडे जाताना.

कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबले की लगेच कन्सोल दिसतो असे वाटते, पण मधे एक रीतसर देवाणघेवाण असते. कंपोझिटरने आपला व्हीटी (आभासी टर्मिनल) ‘व्हीटी-प्रोसेस’ या पद्धतीत ठेवलेला असतो आणि त्यासाठी दोन सिग्नल नेमून दिलेले असतात, एक सोडण्यासाठी आणि एक परत घेण्यासाठी. कळ दाबल्यावर कर्नल त्याला पहिला सिग्नल पाठवतो. त्याने चित्र काढणे थांबवायचे, डीआरएम मास्टरचा, म्हणजे पडदा चालवण्याचा, हक्क सोडायचा आणि ‘व्हीटी-रेल-डिस्प’ने होकार कळवायचा. तो होकार येईपर्यंत कर्नल व्हीटी बदलत नाही. कंपोझिटर एखाद्या लॉकवर अडकून बसला असेल तर होकार येत नाही, आणि माणूस कळा बडवत राहतो.

कंपोझिटर मेला असेल तर मात्र परिस्थिती सुधारते. सिग्नल पोहोचवायला प्रोसेसच नाही असे दिसले, की कर्नल तो व्हीटी पूर्ववत करतो आणि ‘केडी-ग्राफिक्स’ मधून ‘केडी-टेक्स्ट’ मध्ये आणतो. म्हणून अडकलेला कंपोझिटर मेलेल्या कंपोझिटरपेक्षा जास्त त्रास देतो, आणि एसएसएचने आत शिरून त्याला मारून टाकल्यावर पडदा आपोआप जिवंत होतो.

आता लॉगइनडी किंवा सीटडी (सत्रे सांभाळणाऱ्या सेवा) मधे असल्यामुळे हे काम कंपोझिटरच्या हातून काढून घेतले गेले आहे. डिव्हाइस उघडणे, मास्टरचा हक्क देणे आणि काढून घेणे, व्हीटीचे सिग्नल सांभाळणे हे सगळे तो मध्यस्थ करतो, आणि म्हणूनच कंपोझिटरला रूट असण्याची गरज उरली नाही. हक्क काढून घेतल्यावरही कंपोझिटरकडे फाइल डिस्क्रिप्टर उघडाच राहतो; तो मोड बदलायला गेला तर ई-ॲक्सेस (परवानगी नाही) ही एरर मिळते, पण त्याचे बफर जिथल्या तिथे असतात. हे बफर अजून पिन असतील का, यावर मुळाक्षर यांचा प्रश्न अवलंबून आहे.

अर्धविराम

दुसऱ्या सिस्टीममध्ये हे कसे केले आहे तेही पाहावे. विंडोज व्हिस्टाबरोबर आलेल्या डब्ल्यूडीडीएम या ड्रायव्हर-रचनेत व्हीरॅमचा कारभार कर्नलमधल्या व्हिडिओ मेमरी मॅनेजरकडे गेला. ॲप्लिकेशनने मागितलेली जागा हवी तेव्हा आत आणायची आणि गरजेनुसार बाहेर काढायची, ही कल्पना टीटीएमसारखीच. शिवाय जीपीयूने मूळ सेटिंगनुसार २ सेकंदांत काम पूर्ण केले नाही किंवा मधेच थांबवू दिले नाही, तर टीडीआर हा देखरेखीचा भाग त्याला रीसेट करतो. अडकलेल्या कंपोझिटरची वाट पाहत बसणाऱ्या व्हीटीपेक्षा ही वृत्ती मला बरी वाटते.

ओपनबीएसडी या सिस्टीमने मेमरीपेक्षा हक्काकडे आधी लक्ष दिले. एक्सला व्हीजीएची मेमरी मॅप करू द्यायची की नाही, यासाठी त्यांच्याकडे ‘अलाउ-ॲपर्चर’ नावाचे सिस्कंट्रोल (कर्नलचे सेटिंग) आहे आणि ते चालू यंत्रात वाढवता येत नाही. केएमएसचे ड्रायव्हर आल्यावर बहुतेक यंत्रांवर ते शून्य ठेवूनही काम भागते.

उत्तररात्र

स्थिरचित्र यांच्या पॅनिकच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. तो मी मान्य करतो. अर्धविराम यांची तुलना मात्र पुरती जुळत नाही. टीडीआर जीपीयूवर लक्ष ठेवतो. व्हीटी अडकतो तो यूजरस्पेसमधल्या प्रोसेसमुळे, आणि जीपीयू त्या वेळी अगदी ठणठणीत असू शकतो.

आता पॅनिक सोडून साधा प्रसंग घेऊ. मेमरी संपल्यामुळे यंत्र रांगते आहे, ऊम-किलर (मेमरी मोकळी करायला प्रोसेस मारणारा) फिरतो आहे आणि मी कन्सोलवर जाऊ पाहतो आहे. पिन नसेल तर कन्सोलचा बफर बाहेर, म्हणजे साध्या रॅममध्ये गेलेला असणार. तो परत आणण्यासाठी कंपोझिटरचा बफर बाहेर काढावा लागेल, त्यासाठी साध्या रॅममध्ये २०२५ पेजेस लागतील, आणि नेमकी तीच तर संपलेली आहे. या गाठीचे काय करायचे?

मुळाक्षर (धागाकर्ता)

उत्तररात्र यांचा हा प्रसंग मला सुचला नव्हता, आभार. त्यात एक भर घालतो. डीआरएमच्या कन्सोलमध्ये शॅडो बफरची सोय आहे, म्हणजे फ्रेमबफर कन्सोल साध्या रॅममधल्या प्रतीवर लिहितो आणि बदललेला भाग नंतर व्हीरॅमवर कॉपी होतो. ही प्रत तर आधीपासून असते. मग व्हीरॅममधला बफर बाहेर काढताना त्याची मजकुरासह आणखी एक प्रत बनवण्यात काय अर्थ आहे? तो सरळ टाकून देता येणार नाही का?

तळटीप

तत्त्वतः टाकून देता येईल, आणि शॅडो का असतो हे पाहिले की त्याचे कारण उमगेल.

व्हीरॅम सीपीयूला बहुधा राइट-कंबाइनिंग पद्धतीने मॅप केलेली असते. लिहिणे गोळा होऊन मोठ्या तुकड्यांत बसवर जाते, म्हणून ते बऱ्यापैकी वेगवान असते. वाचताना मात्र कॅशचा उपयोग नसतो. प्रत्येक वाचन बस ओलांडून कार्डापर्यंत जाते आणि उत्तर येईपर्यंत सीपीयू थांबतो. कन्सोल एक ओळ वर सरकवतो तेव्हा पूर्ण पडदा वाचून एक ओळ वर लिहिण्याचा मोह होतो, आणि व्हीरॅमवर तसे केले तर मोठा लॉग धावताना यंत्र अडखळलेले डोळ्यांना दिसते. शॅडोमध्ये वाचन साध्या रॅममधून होते आणि व्हीरॅमवर फक्त लिहिले जाते. शिवाय दहा ओळी झपाट्याने सरकल्या तर कॉपी करणारा वर्कर त्या एकत्र करून शेवटची स्थिती एकदाच पाठवतो.

जे प्रोग्रॅम एफबी-शून्य ही फ्रेमबफरची फाइल थेट मॅप करून लिहितात, त्यांच्यासाठी डिफर्ड आयओ असते. पेजवर पहिल्यांदा लिहिताच फॉल्ट येतो, कर्नल ते पेज बदलल्याची नोंद करतो आणि थोड्या वेळाने सगळी बदललेली पेजेस एकदम पाठवतो. अशा प्रोग्रॅमांपैकी काही रुंदी गुणिले ४ हीच ओळीची लांबी समजतात. १३६६ च्या मोडमध्ये ओळ ५४६४ बाइटची होते, हार्डवेअरला ६४ ची पट हवी असेल तर पिच (ओळीची खरी लांबी) ५५०४ होतो, आणि प्रत्येक ओळीला १० पिक्सेलचा फरक पडून सगळे चित्र तिरपे होते. अशा चित्राची तक्रार ड्रायव्हरच्या नावावर येते, हे वेगळे सांगायला नको.

स्थिरचित्र

मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण पिन काढण्याच्या पॅचमध्ये एक खाच आहे आणि तिची चर्चा अजून झालेली नाही.

ॲटॉमिक कमिटमध्ये, म्हणजे पडद्याचे सगळे बदल एकदम लागू करताना, क्रम ठरलेला असतो. नवा बफर आधी पिन होतो, मग कमिट होते, आणि जुन्याचा पिन सर्वात शेवटी निघतो. हा क्रम उलटा करता येत नाही, कारण जुना बफर स्कॅनआउटवर असताना त्याच्या खालची जमीन काढून घेता येणार नाही, आणि नवा पिन होऊ शकला नाही तर जुने चित्र तसेच राहायला हवे. म्हणजे अदलाबदलीच्या त्या क्षणाला दोन्ही बफर व्हीरॅममध्ये हजर असावे लागतात. खिडकीकाठी यांच्या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळते: कंपोझिटरने हक्क सोडला तरी त्याचा पुढचा बफर तोपर्यंत पिनच असतो, मागचा मात्र बाहेर काढता येतो.

तुमच्या १६ एमबीमध्ये हे जेमतेम बसते: कंपोझिटरची पुढची फ्रेम २०२५, कन्सोल २०२५ आणि उरलेली ४६ पेजेस. हीच चिप ८ एमबीची असती तर २०४८ पेजेसमध्ये एकच फ्रेम मावली असती आणि व्हीटी बदलणे दर वेळी ई-नोमेमने फसले असते, पिन असो वा नसो.

जेमतेम म्हणण्याचे कारण सलगता. तुमच्या चिपला सलग पत्ते लागतात. समजा कन्सोलची फ्रेम बाहेर गेली आणि २०२५ पेजेसची पोकळी तयार झाली. त्याच वेळी कोणी कर्सर बदलला आणि त्याची ४ पेजेस त्या पोकळीच्या सुरुवातीला बसली. आता पोकळी २०२१ ची. मोकळी पेजेस मोजली तर २०२१ आणि ४६ मिळून २०६७, गरज २०२५ ची, तरीही जागा मिळणार नाही. आणि कर्सर दिसत असेल तर तोही पिन असतो, त्यामुळे टीटीएम त्याला हलवूही शकत नाही. यावरचा रूढ तोडगा म्हणजे कर्सर व्हीरॅमच्या शेवटाकडून खाली असा वाटप करायचा, जेणेकरून तो मोठ्या बफरांच्या मधे येत नाही. व्हीरॅमचे हेल्पर वापरणाऱ्या ड्रायव्हरांमध्ये याच कारणासाठी तसा फ्लॅग होता.

पण इतकी काटकसर करण्यापेक्षा या जातीच्या चिपसाठी टीटीएमच सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. एएसटी आणि एमजीए-जी२०० या ड्रायव्हरांनी तोच रस्ता धरला. सगळे बफर, कन्सोलचा आणि कंपोझिटरचेही, साध्या रॅममध्ये शेअर्ड मेमरीवर ठेवायचे. व्हीरॅममध्ये स्कॅनआउटची एकच जागा कायम ठेवायची आणि कमिटच्या वेळी बदललेला भाग तिथे कॉपी करायचा. व्हीरॅममध्ये आत-बाहेर करणेच संपते. उत्तररात्र यांची ऊमची गाठही सुटते, कारण व्हीटी बदलताना नवी मेमरी मागावीच लागत नाही.

खिडकीकाठी

कॉपीचा खर्च पाहिला का? पूर्ण फ्रेम सेकंदाला ६० वेळा म्हणजे साधारण ४९८ एमबी. अशा चिप अनेकदा पीसीआय एक्स्प्रेसच्या एकाच लेनवर असतात, आणि पहिल्या पिढीच्या लेनची कमाल २५० एमबी प्रति सेकंद. हिशेब निम्म्यावरच थांबतो.

स्थिरचित्र

पूर्ण फ्रेम ६० वेळा बदलणारे काम, म्हणजे व्हिडिओ, या चिपवर कोणी करत असेल तर त्याने वेगळे कार्ड घ्यावे. १६ पिक्सेल उंचीच्या फाँटची एक ओळ १,२२,८८० बाइटची असते, पूर्ण फ्रेमच्या जवळपास सदुसष्टाव्या हिश्श्याइतकी. टर्मिनलमध्ये टाइप करताना याहून कमीच भाग बदलतो. कंपोझिटरने डॅमेजचे (बदललेल्या भागाचे) आयत नीट कळवले की बसवर ताण येत नाही. न कळवल्यास पूर्ण फ्रेम जाते आणि तुमचा आकडा लागू पडतो. शिवाय रेंडरिंग सीपीयूवरच होते, त्यामुळे बफर साध्या रॅममध्ये असल्याने पारदर्शकतेसाठी लागणारे वाचन वेगवान होते. तळटीप यांनी वाचनाबद्दल सांगितले, तेच इथेही लागू आहे.

अर्धविराम

मोठ्या कार्डांना हा सल्ला लावू नये, एवढे नोंदवतो. तिथे रेंडरिंग व्हीरॅममध्ये होते आणि टीटीएमला पर्याय नाही. सस्पेंडच्या वेळी व्हीरॅमची वीज जाते, म्हणून तिथला सगळा मजकूर आधी साध्या रॅममध्ये हलवावा लागतो, आणि काही जीबी हलवायला रॅममध्ये जागा नसेल तर यंत्र झोपायलाच नकार देते. तिथला वाटणीचा वाद कन्सोलच्या ८ एमबीचा नसतो. कोणत्या ॲप्लिकेशनने किती व्हीरॅम अडवावी याचा असतो, आणि त्यासाठी ६.१४ मध्ये सीग्रुपचा (प्रोसेसच्या गटांना मर्यादा घालणाऱ्या सोयीचा) डीमेम कंट्रोलर आला आहे.

उत्तररात्र

एकच जागा कायम आणि ती स्कॅनआउटची, याला माझी हरकत नाही. मी मागत होतो ती राखीव जागा शेवटी मिळालीच, फक्त ती कन्सोलच्या नावावर नाही. मात्र फर्मवेअरच्या फ्रेमबफरकडे लक्ष द्या. बूट होताना सिंपलडीआरएम हा तात्पुरता ड्रायव्हर त्याच व्हीरॅमवर लिहीत असतो. तुमच्या ड्रायव्हरने चिपला हात लावण्याआधी ॲपर्चरच्या हेल्परमधून त्याला हटवले नाही, तर दोघे एकाच मेमरीवर लिहितील. प्रोबच्या (ड्रायव्हर चिपचा ताबा घेतो त्या टप्प्याच्या) अगदी सुरुवातीला ते करा.

शून्यवादी

आणि ते करताना पडदा क्षणभर काळा होईल. धागा पहिल्या प्रतिसादावर परत येईल.

मुळाक्षर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. पिन काढण्याचा पॅच मी मागे घेतो आहे आणि त्याऐवजी स्थिरचित्र यांनी सांगितल्याप्रमाणे शॅडो प्लेनवर, म्हणजे बफर साध्या रॅममध्ये ठेवण्याच्या पद्धतीवर, नेणारी मालिका लिहायला घेतो आहे. पहिला पॅच ॲपर्चर हटवण्याचा, दुसरा शेअर्ड मेमरीचा, तिसरा डीआरएम पॅनिकसाठी स्कॅनआउट बफर सांगणारा. आक्षेप घेतलेल्या सहकाऱ्यांना तिसरा पॅच आधी दाखवणार आहे.

एक शंका उरते. कॉपी चालू असताना स्कॅनआउटही चालू असते, त्यामुळे अर्धे जुने आणि अर्धे नवे चित्र दिसू शकते. माझ्याकडे दोन फ्रेमपुरती व्हीरॅम आहेच. मग दोन जागा ठेवून आलटून-पालटून फ्लिप करावे का?

स्थिरचित्र

करता येईल, पण मग दोन्ही जागांचे डॅमेज वेगवेगळे सांभाळावे लागते, कारण ज्या जागेवर आता लिहायचे ती एक फ्रेम मागे असते आणि मागच्या वेळचे बदलही तिच्यावर पुन्हा कॉपी करावे लागतात. कन्सोल आणि साध्या डेस्कटॉपसाठी एवढा खटाटोप कोणी केलेला माझ्या पाहण्यात नाही. आधी एका जागेने सुरू करा. चिप व्हीब्लँकचा (दोन फ्रेममधल्या विरामाचा) इंटरप्ट देत असेल तर कॉपी त्यानंतर लगेच सुरू करून पाहा. लहान आयतांसाठी फाटलेले चित्र बहुतेक दिसणार नाही.

मुळाक्षर (धागाकर्ता)

इंटरप्ट आहे, पण आमच्या ड्रायव्हरमध्ये तो आजवर कोणी चालू केलेला नाही. म्हणजे मालिकेत चौथा पॅच आला.